भांडुपचा डंक आणि दुपारची वीज

माझं शुद्धलेखन कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ चौथीत शिकले तेवढंच, त्यानंतर चार ओळींची पत्रं सोडली तर हातात लेखणी धरली नाही. अक्षर तर कोंबड्यांनी अंगण उकरावं तसं. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर त्याने खुशाल हसावं, फक्त माझ्यासमोर हसू नये.

लिहायला बसले त्याला कारण आहे. मुंबईहून परत आल्यापासून विहिरीवर, बाजारात, देवळात सगळ्या जणी विचारतात, "गो, मुंबैत काय काय बघलंस?" मी म्हणते, "बरी आसा." त्यापुढे शब्द फुटत नाही. चार माणसं जमली की माझी जीभ टाळूला चिकटते, लहानपणापासूनच. पण पोटात सगळं उड्या मारतंय. ज्या गेल्या नाहीत त्यांना सांगावंसं वाटतं आणि सांगता येत नाही, म्हणून मुलीच्या जुन्या वहीची कोरी पानं घेतली.

मालवण बंदर

माझा धाकटा भाऊ गणपत मुंबईत भांडुपला असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने मसाला कुटायचा विजेचा डंक घातला. डंक म्हणजे लोखंडी मुसळं. मोटर फिरली की पट्ट्यावर ती आपोआप वरखाली होतात आणि उखळात मिरच्या कुटतात. त्यासाठी मी त्याला चारशे रुपये दिले होते. ते आमच्या घरावर कौलं घालायचे पैसे. आमचे हे मालाच्या बोटीवर खलाशी आहेत, त्यांनी फेरीफेरीला साठवलेले. पत्र पाठवून मी त्यांना विचारलं होतं. सासूबाईंना विचारलं नव्हतं.

दोन वर्षं एक पैसा परत आला नाही. दर उन्हाळ्यात आम्ही दोघी अंगणात बसून माडाच्या चुडतांची झापं विणायचो आणि तीच छपरावर चढवायचो. विणता विणता सासूबाई म्हणायच्या, "तुझो भाव थंय वीज जाळता, आणि आमी हंय झापां विणतंव."

या चैत्रात गणपतचं पत्र आलं. डंकामुळे चाळीतले दिवे मंद होतात म्हणून चाळकरी तो बंद करणार आहेत, रविवारी बैठक आहे, सुमनचं मूल दोन महिन्यांचं, हाताशी कुणी नाही, बाय, तू ये. बाय म्हणजे मी, आणि सुमन त्याची बायको.

मी पत्र वाचून दाखवलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जा. येताना एक तर पैसे हाड, नायतर तो डंक डोक्यार घेवन ये."

मुलीला त्यांच्याजवळ ठेवून मी निघाले. बरोबर उकडे तांदूळ, सोलं, कुळथाचं पीठ आणि सुक्या बांगड्यांचं गाठोडं. बोट मालवणला धक्क्याला लागत नाही, लांब समुद्रात उभी राहते. पडावातून तिच्यापर्यंत जायचं आणि लाट वर आली की पाय टाकायचा. मी तीन लाटा सोडल्या. चौथीला पडाववाल्याने ओरडून सांगितलं, "अगो, बोट काय तुझ्यासाठी मुंबैसून परत येवची नाय!" तेव्हा डोळे मिटून पाय टाकला.

बोटीवर एक टोपीवाले गृहस्थ माझ्या बांगड्यांच्या गाठोड्यावर डोकं ठेवून झोपले, उशी समजून. सकाळी उठून त्यांनी नाक ओढलं. "बाई, बंदर आलं वाटतं. मासळीचा वास येतोय." मी पदर तोंडावर घेतला. बंदर यायला अजून दोन तास होते.

भांडुप, शुक्रवार

धक्क्यापासून भांडुपपर्यंतचं सांगत नाही, ते सगळेच सांगतात. भांडुप मात्र मला वाटलं तसं नव्हतं. मुंबई म्हणजे सगळी दगडी माड्या अशी माझी समजूत. इथे एका बाजूला भाताची खाचरं, आमच्यासारखीच बांध घातलेली, आणि बांधावर विजेचे लोखंडी खांब. खाचराच्या पलीकडे औषधांच्या गोळ्यांचा कारखाना, त्याच्या पलीकडे यंत्रांचा, आणि त्याच्या मागे आणखी एकाचा पाया खणत होते. गणपत म्हणाला, "बाय, मागच्या वर्सा हंय म्हशी चरी होते."

गणपतची चाळ म्हणजे समोरासमोर दहा-दहा खोल्यांच्या दोन रांगा, मध्ये अंगण. टोकाच्या खोलीत डंक, तिला लागून गणपतचं बिऱ्हाड.

तिन्हीसांज झाली. सुमनने मूल खांद्यावर घेतलं, भिंतीवरचं काळं बटण खाली केलं, आणि दिवा लागल्याबरोबर त्याला हात जोडले. मला इतकं बरं वाटलं! आपण समईला जोडतो तसेच. मीही जोडले. काच पुसायला नको, वात कापायला नको, घासलेटचा वास नाही. कोपऱ्यातल्या तांदळाच्या डब्यामागची मुंगीसुद्धा दिसत होती. मी सुमनला म्हटलं, "गो, माका परत एकदा करून दाखय." तिने बटण मला दिलं. मी चार वेळा केलं. पाचव्यांदा गणपत म्हणाला, "बाय, फुरे. बत्ती दमात."

मग मी दारात उभी राहून बघत राहिले. समोरच्या दहाही खोल्या उजळल्या होत्या. आमच्या घरी दिवा एक. तो स्वयंपाकघरात गेला की माणसं स्वयंपाकघरात, पडवीत आला की पडवीत. आम्ही दिव्याच्या मागून फिरतो. इथे प्रत्येकाकडे आपला उजेड, आणि माणूस हवं तिथे बसतो. एक मुलगा वाचत होता, त्याची आई भाजी चिरत होती, बाप दाढी करत होता, तिघं तीन कोपऱ्यांत. मला ते फार आवडलं, आणि थोडं चमत्कारिकही वाटलं.

गणपतने मला चाळीची सगळी कथा सांगितली. चाळ बांधली तेव्हा वीस खोल्या आणि वीस बत्त्या. घरमालक शेटने तार टाकली ती तेवढ्याच हिशेबाने. मग कारखाने आले. पुरुष कायम झाले, बायका गोळ्यांच्या कारखान्यात बाटल्या भरायला जाऊ लागल्या. दर दिवाळीला बोनस मिळाला की चाळीत एक नवी वस्तू येई. परबांकडे रेडिओ आला. हौसाबाईंकडे इस्त्री आली. एकाने शिवणयंत्राला मोटर बसवली, दोघांनी पंखे घेतले. मधल्या खोलीत विजेची शेगडी आली. तिच्यावर दूध ठेवलं की परबांचा रेडिओ सर्दी झाल्यासारखा बोलतो. तार मात्र तीच, वीस बत्त्यांची.

"मगे शेटाक सांग मोठी तार घालूक," मी म्हटलं.

"शेट म्हणता, भाडा वाढवा. डंकासाठी वेगळी वीज होयी म्हणान मी कंपनीत अर्ज केलंय. पण बाय, थंय ह्यो लांब रांग. कारखान्यांका होयी, नव्या चाळींका होयी. सगळ्या भांडुपाक एकदम वीज होयी झाली हा."

तेवढ्यात डंकाची वेळ झाली. कामावरून सुटलेल्या बायका डबे घेऊन आल्या होत्या. गणपतने मोटर सुरू केली. धाड्‌ धाड्‌ धाड्‌! जमीन हादरली, मिरचीचा धूर उठला, सगळ्या जणी पदर नाकाला लावून शिंकू लागल्या. मला हसू आवरेना. जेवढा मसाला मी व्हायनात, म्हणजे घरच्या दगडी उखळात, दोन दिवस कुटते, तेवढा इथे माझ्या शिंका थांबायच्या आत झाला.

पण सगळ्या चाळीतले दिवे लाल झाले, विझत्या निखाऱ्यासारखे. समोरून परबांचा आवाज आला, "गणपत! बातम्यांका गिळल्यान तुझ्या डंकान!"

शनिवार, माझ्या हातून झालेली गोष्ट

आता लाजिरवाणी गोष्ट लिहिते.

घरी रोज तिन्हीसांजेला कंदिलाची काच राखेने पुसायची हे माझं काम. लग्न झाल्यापासून एक दिवस चुकलं नाही. शनिवारी संध्याकाळी सुमन मुलाला पाजत होती, गणपत डंकावर होता, आणि मी बघितलं तर बत्तीवर मसाल्याची धूळ बसलेली. मनात म्हटलं, पाहुणी म्हणून नुसती बसून काय राहायचं. फडकं ओलं केलं, चुलीतली राख घेतली, स्टुलावर चढले आणि पेटलेली बत्ती पुसायला लागले.

फट्‌ झालं. काचा माझ्या केसांत. आणि आमच्याच नव्हे, विसाच्या वीस खोल्यांत काळोख.

डंक थांबला. अंगणात माणसं जमली. परब म्हणाले, "आता हद्द झाली! आतापर्यंत ह्यो डंक बत्त्ये लाल करी होतो, आता फोडूक लागलो!" गणपत म्हणत होता, "असा कधी झाला नाय, असा कधी झाला नाय." हौसाबाई म्हणजे साताऱ्याकडच्या, मोठ्या आवाजाच्या. त्या म्हणाल्या, "माजी इस्त्री अर्ध्यात ऱ्हायली! उद्या बैठकीला पोराला काय चुरगळल्या कपड्यांत बसवू?"

मी आत उभी होते. एका हातात फडकं, एका हातात राख. बाहेर जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की मी फोडली. तोंड उघडलं, आवाज आला नाही. शेटचे वायरमन नाईक आले, त्यांनी फ्यूजची तार बदलली, दिवे आले. मी राख चुलीत टाकली आणि हात धुतले.

जेवताना गणपतने भात चिवडला. म्हणाला, "उद्या बैठकीत संपला सगळा. डंक विकलो तर अर्धेच पैसे येतीत. बाय, तुझी कौलां..." आणि उठून गेला. सोलांची कढी तशीच राहिली. मला वाटलं, समुद्रातच पडले असते तर बरं होतं.

रविवारची बैठक

सकाळी अंगणात सतरंज्या घातल्या. पुरुष पुढे, बायका दारांत. परब चाळीतले वडीलधारे, त्यांनी सुरुवात केली. बैठकीत सगळे कचेरीतल्यासारखी मराठी बोलतात. "काल या डंकामुळे एक दिवा फुटला व संपूर्ण चाळ अंधारात गेली. उद्या आग लागेल. तरी डंक बंद करण्यात यावा, असं माझं मत आहे."

"आमचंबी," हौसाबाई म्हणाल्या.

हात वर होऊ लागले. एक, दोन, पाच. गणपत खाली मान घालून बसला होता, आणि त्याच्या मानेवर मिरचीची लाल धूळ अजून तशीच होती. ती मान बघितली आणि मला काय झालं कुणास ठाऊक.

"ती बत्ती मियां फोडलंय," मी म्हटलं.

कुणाला ऐकूच गेलं नाही. सुमनला गेलं. ती ओरडली, "थांबा! बाय काय तरी सांगता!"

सगळे वळले. दाराची चौकट धरून मी सांगितलं, राखेपासून काचेपर्यंत सगळं. पहिल्यांदा हसले बैठकीला बोलावलेले वायरमन नाईक, मग परब हसले ते खोकला येईपर्यंत. हौसाबाई म्हणाल्या, "अगं माजे बाई, पेटलेल्या बत्तीला राख लावलीस? आता माजी इस्त्री चिंचेनं घासून दे!"

पण हसून झाल्यावर परब म्हणाले, "ठीक आहे. कालचं सोडा. पण रोज दिवे लाल होतात त्याचं काय?"

त्यांचं खरं होतं. आणि तोंड एकदा उघडलंच होतं, म्हणून मी पुढे बोलले. माझं माहेर कणकवलीजवळ, डोंगराच्या पायथ्याला. तिथे डोंगरातून एक पाट येतो आणि त्याच्यावर सगळ्यांची उन्हाळी शेती. सगळ्यांनी एकदम बांध फोडला तर शेवटच्या मळ्यात चूळ भरण्यापुरतंही पाणी पोचत नाही. म्हणून पाळी असते. काठी रोवायची, सावली ठरल्या दगडावर आली की आपला बांध बुजवायचा आणि पुढच्याचा फोडायचा. त्यावरून भांडणं होतात, पण मळे सगळ्यांचे पिकतात.

"दुपारी तुमी सगळे कामार," मी म्हटलं. "बत्त्ये बंद, रेडिओ बंद, इस्त्री बंद. तेव्हा डंक चलवंदे. सांजेक बंद. आणि दुपारभर बत्त्ये बंद ऱ्हवले की वीज साठात, ती सांजेक तुमका जास्त मिळात."

यावर नाईक पुन्हा हसले, पण चांगलं हसले. म्हणाले, "वहिनी, वीज साठत नाही. ती पाण्यासारखी बांधात राहत नाही. तुम्ही बटण दाबता तेव्हा तिकडे लांब यंत्रं तेवढा जोर लावतात. दुपारी वापरली नाही तर ती संध्याकाळसाठी उरत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पण," ते परबांकडे वळले, "पाळीचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. तार म्हणजे पाटच. संध्याकाळी सहा ते नऊ सगळी मुंबई एकदम बांध फोडते, आणि ही चाळ शेवटचा मळा. दुपारी डंक चालला तर तुमचा एक दिवा लाल होणार नाही. ही माझी हमी."

गणपत कपाळावर हात मारून म्हणाला, "त्याच पाटार मी ल्हानपण काढलंय, आणि माका सुचला नाय!"

आता सगळं झालं असं मला वाटलं. पण गाठ पुढेच होती. हौसाबाई उठल्या. "आन्‌ आमी दुपारी कारखान्यात. मसाला कोन आननार?"

"सकाळी ठेवून जावा," गणपत म्हणाला.

दारांतल्या सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या. मसाला ठेवून जायचा? डोळ्यांआड? हे मात्र मला कुणी समजवायला नको होतं. आमच्याकडे जाऊ जावेला आपल्या मसाल्यात किती धणे, किती तिरफळं ते सांगत नाही. कुटून होईपर्यंत बाई तिथून हलत नाही, उखळात मागचा कण राहिलाय का ते वाकून बघते. दुसऱ्याच्या हाती दिला तर आज मसाला गेला आणि उद्या गावभर झाला.

परबांच्या बायको पुढे आल्या. त्या वेंगुर्ल्याकडच्या. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हिका बसवा थंय. दोन दिवस मी बघतंय, हिच्या तोंडातसून हूं का चूं नाय. आज बोलली ती कायती सगळ्या वर्साची. ही कोणाचो मसालो कोणाक सांगतली?"

हौसाबाई जवळ आल्या, माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं, आणि म्हणाल्या, "व्हय. ही न्हाई सांगायची."

जन्मभर ज्यासाठी बोलणी खाल्ली, त्यासाठी मला काम मिळालं.

वैशाखभर डंकावर

आठ दिवसांसाठी गेलेली मी सव्वा महिना राहिले. सासूबाईंना पत्र घातलं, डंक डोक्यावर घेऊन येत नाही, डंकाशेजारी बसले आहे.

सकाळी कामाला जाताना बायका भाजलेला मसाला देऊन जायच्या. नावाच्या चिठ्ठ्या धुळीत मळायच्या, म्हणून मी एक युक्ती केली. प्रत्येकीकडून तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी मागून घेतली. जिची चिंधी तिचा डबा. निळी किनार परबवहिनींची, हिरवी चौकड्यांची हौसाबाईंची. एका डब्याचं झालं की मी उखळ पुसायचे, पुसलेलं फडकं झटकायचे, मग दुसरा डबा. संध्याकाळी जी ती आपली चिंधी ओळखायची, मसाला चिमटीत घेऊन वास घ्यायची आणि मान डोलवायची. शेजारच्या चाळींतून डबे येऊ लागले. दुपारी अकरा ते चार मुसळं थांबेनात. संध्याकाळी वीस खोल्यांतले दिवे पांढरेशुभ्र, आणि परबांचा रेडिओ खणखणीत.

दुपारी कधी डंक थांबला की मी दारात यायचे. खाचरात रोज नवा खांब उभा राहिलेला दिसायचा. त्या शेताच्या मालकाचं काय झालं असेल हे मनात यायचं. तरी खरं सांगते, रात्री गच्च दिवे लागलेले कारखाने बघून माझं मन हरखून जायचं. इतक्या लोकांना काम, इतक्या मुलांना वाचायला उजेड! आमच्या गावातही एक दिवस तार येईल. तेव्हा सगळ्यांनी पाळी धरावी.

सव्वा महिन्यात मला पन्नास-साठ घरांचे मसाले कळले. सातारकर किती खोबरं घालतात, वेंगुर्लेकर बडीशेप भाजतात की नाही, आणि परबांच्या बायको एक गोष्ट अशी घालतात की ऐकून कोणीही थक्क होईल. ते या वहीतही लिहिणार नाही.

निघताना हौसाबाईंनी त्यांची इस्त्री तापवून माझं लुगडं कडक करून दिलं. "चिंचेनं न्हाई घासली तरी चालंल," म्हणाल्या. गणपतने हातात साठ रुपये ठेवले. "बाय, पयले साठ. ऱ्हवलेले धाडतंय." पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आधीची शेवटची बोट मला मिळाली. या वेळी पहिल्याच लाटेला पाय टाकला.

दीड वर्षानंतर

वही तशीच पडली होती. आज पुन्हा काढली.

गणपतच्या मनीऑर्डरी येत राहिल्या. कधी वीस, कधी तीस, पावसाच्या महिन्यांत काही नाही. डंकासाठी कंपनीची वेगळी वीज यंदा मिळाली. शेटनेही जाड तार टाकली, भाडं वाढवून. माझ्या जागी आता सुमन बसते, मूल पायाशी घेऊन. पण तिला बोलायची सवय, म्हणून बायका थोड्या जपून असतात असं तिने लिहिलंय.

आज पोस्टमन आले. चाळीस रुपये. कूपनावर गणपतच्या हातचं, "बाय, हे शेवटचे. डंक अजून दुपारीच चालवतो. तुझं फडकं नि राख सगळ्यांना आठवते."

मी सही केली, ती नेहमीसारखी वाकडी आली. पोस्टमन म्हणाले, चालेल. सासूबाईंनी नोटा हातात घेतल्या, दोनदा मोजल्या, डब्यातल्या आधीच्या नोटा काढून त्याही मोजल्या. मग सगळ्या माझ्या ओटीत ठेवून म्हणाल्या, "तूच दिललंस, तूच ठेव. कौलांची होडी इली की तूच मोजून दी."

मी पुन्हा एकदा मोजल्या. चारशे. पुरे.